कोणता देश बरा? आधी माप तर ठरवा!

अकोल्यात कुणाकडे परदेशातला पाहुणा आला की घरात एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, "काहीही म्हणा, तिकडचं जगणंच बरं!" लगेच आजोबा उसळतात, "तिकडे काय पैशाचा पाऊस पडते काय रे बाप्पा? आपल्या इथं काय वाईट हाये?" दोघंही तावातावाने बोलतात, पण माप कुणाच्याच हातात नसतं. कापूस तोलायला काटा लागतो. मग दोन देशांतलं जगणं कोणत्या काट्यावर तोलायचं?

पूर्वी हा हिशोब सोपा होता. देशाचं एकूण उत्पन्न घ्यायचं, त्याला लोकसंख्येने भागायचं आणि ज्याचा आकडा मोठा तो देश सुखी! पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांना हे पटत नव्हतं. आपले अमर्त्य सेन हे त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. त्यांच्या मदतीने 1990 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालात एक नवं माप आलं. त्याचं नाव मानव विकास निर्देशांक. नाव जड आहे, पण प्रश्न तीनच. माणसं किती वर्षं जगतात? किती शिकतात? आणि त्यांचं उत्पन्न किती? या तीन उत्तरांतून 0 ते 1 मधला एक आकडा काढतात. तो 1 च्या जितका जवळ, तितकं चांगलं.

चला, शेजारच्या श्रीलंकेशी तुलना करून पाहू. क्रिकेटमध्ये नव्हे हं! 2023 सालच्या आकड्यांनुसार 193 देशांत श्रीलंका 89 वी आणि भारत 130 वा. भारताचं सरासरी आयुर्मान सुमारे 72 वर्षं, श्रीलंकेचं 77 च्या वर. आता गंमत पाहा. किमतींतला फरक जमेस धरूनही अमेरिकेचं दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या जवळजवळ सहापट आहे, पण तिथली माणसं सरासरीने जेमतेम दोन वर्षं जास्त जगतात!

हे श्रीलंकेला कसं जमलं? तिथे 1945 पासून शाळेपासून विद्यापीठापर्यंतचं शिक्षण मोफत झालं. सरकारी दवाखान्यांतले उपचारही मोफत मिळू लागले. गावोगावच्या सरकारी सुईणी घरी जाऊन आई-बाळाची चौकशी करू लागल्या. 2022 साली या देशावर मोठं आर्थिक संकट आलं. पेट्रोलसाठी रांगा लागल्या, औषधांची टंचाई झाली. म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. पण तिजोरी रिकामी झाली, तरी शिकलेल्या आईची अक्कल काही रिकामी होत नाही!

ही गोष्ट आपल्या वऱ्हाडात एका माणसाने कधीच ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (1876-1956). हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असं ते कीर्तनातून सांगत. हाती खराटा घेऊन गाव झाडत. स्वच्छता म्हणजे आयुष्य आणि शाळा म्हणजे शिक्षण. तीनपैकी दोन प्रश्न बाबांनी केव्हाच हाती घेतले होते!

पण थांबा, या मापालाही एक खोट आहे. एका मुलाने 4 पेले दूध प्यालं आणि दुसऱ्याला थेंबही मिळाला नाही, तरी सरासरी निघते प्रत्येकी 2 पेले! दुसरा उपाशी आहे, हे त्या आकड्यात दिसतच नाही. अमरावतीत मोठमोठी कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत. पण परतवाडा ओलांडून घाट चढलात की त्याच जिल्ह्यातला मेळघाट लागतो. तिथल्या कोरकू पाड्यांमधल्या कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी 1993 साली सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून पुष्कळ काम झालं, पण प्रश्न संपलेला नाही. जिल्हा एक, जगणी मात्र दोन!

आणि काही गोष्टी तर या मापात थेट येतच नाहीत. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर, दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर काठोकाठ भरलेली असली, तरी प्यायचं पाणी दुरून आणावं लागतं. उत्पन्नाच्या आकड्यात ती खारट चव कशी कळणार?

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'अमुक देश बरा' म्हणालं, तर त्याला विचारा, "कुणासाठी बरा?" तिथल्या सगळ्यात गरीब घरातल्या मुलीला गोड पाणी मिळतं का? ती आजारी पडली तर डॉक्टर किती दूर आहे? ती कितवीपर्यंत शिकते? मग हेच तीन प्रश्न आपल्या गावातल्या शेवटच्या घरापाशी जाऊन विचारा. उत्तरं वहीत लिहून काढा आणि वर्गात वाचून दाखवा. परदेशाशी तुलना करायची ती मान खाली घालायला नाही की छाती फुगवायलाही नाही. त्यांना जे जमलं, ते आपल्या त्या शेवटच्या घरापर्यंत कसं न्यायचं, हे शिकायला!