औषधाच्या दुकानातल्या सल्ल्याची किंमत किती?

पालक आणि शिक्षक मित्रांनो, मेडिकलमध्ये आपण गोळ्या, सिरप, मलम विकत घेतो. पण "ही गोळी कशी घ्यायची?" हे फार्मासिस्टने पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं, तर त्याचे वेगळे पैसे द्याल का? वीस रुपये? पन्नास? की "सांगायचे कसले पैसे!" म्हणाल?

एखाद्या सेवेसाठी ग्राहक जास्तीत जास्त जेवढी रक्कम द्यायला राजी असतो, तिला अर्थशास्त्रात 'पैसे मोजण्याची तयारी' म्हणतात. ज्या सेवेला बाजारभावच नाही, तिच्याबद्दल अभ्यासक लोकांना थेट विचारतात : इतके द्याल का? अजून थोडे? यात मेख अशी, की तोंडाने 'देईन' म्हणणं सोपं असतं. खिशात हात घालताना विचार बदलतो.

आता आपल्याकडचं गणित बघू. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात नियंत्रित औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के मार्जिन धरलं आहे. म्हणजे औषध विकलं तर कमाई. पण "सर्दीच्या या गोळीत पॅरासिटामॉल आहेच, तापाची वेगळी घेऊ नका" असं सांगितलं, तर कमाई शून्य! सल्ला मोलाचा, पण तो देणाऱ्याच्या पदरात काहीच नाही.

इंग्लंडमध्ये २०११ साली यावर एक मार्ग काढला. दमा, रक्तदाब अशा आजारांवर नवं औषध सुरू झालं, की फार्मासिस्ट पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाशी बोलून अडचणी विचारतो. त्याचे पैसे रुग्ण देत नाही, सरकारी आरोग्यसेवा देते. गरिबाला फी परवडत नाही म्हणून सल्ला हुकायला नको, हा त्याचा मोठा फायदा.

आपल्याकडेही २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम मानलं आहे. तेव्हा संकोच न करता विचारा :

• जेवणाआधी की नंतर?
• सिरप किती मिली? (घरातला चमचा नको, मापाचं झाकण वापरा.)
• आधीच्या औषधांसोबत चालेल का?

वर्गात हा पाठ घेताना मुलांना घरच्या पाच मोठ्यांना 'किती द्याल आणि का?' असं विचारून यायला सांगा. उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडा. 'शून्य' म्हणणाऱ्यांचं कारण जरूर लिहून घ्या : सल्ला नको आहे, परवडत नाही, की आजवर कधी मिळालाच नाही? तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.