आहारांतील तेलतूप आणि रक्ताचा दाब

गांवांत कोणास रक्ताचा दाब निघाला, कीं पहिली संक्रांत घरच्या तुपावर येते. वरणावरचें तूप बंद होतें, पुरणपोळीवरची धार बंद होते, आणि रोगी व त्याचे आप्त दोघेहि आपलें कर्तव्य पार पडलें असें मानून स्वस्थ बसतात. प्रस्तुत लेखकानेंहि तसेंच केलें. महसूल खात्यांतील कारकुनी म्हणजे बैठें काम. निवृत्त होण्याच्या सुमारास दाब १६० वर १०० असा निघाला. दोन महिने मी तुपास शिवलों नाहीं. दाब मात्र होता तेथेंच राहिला. तेव्हां डॉक्टरांनीं विचारलें, “जेवतांना पानांत डावीकडे काय काय असतें?” डावीकडे लोणचें, खारांतील मिरची, पापड आणि चिमूटभर मीठ एवढें सर्व होतें, व त्यांपैकीं एकहि वस्तु मीं सोडली नव्हती.

तर मग स्निग्ध पदार्थांचा आणि दाबाचा कांहीं संबंधच नाहीं काय? आहे, परंतु आपण समजतों तसा तो सरळ नाहीं, आणि तो नीट न कळल्यामुळें आपण भलतीच वस्तु टाकतों व भलतीच ठेवतों.

हृदय आकुंचन पावून रक्त पुढें लोटतें त्या वेळीं धमन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो तो वरचा आंकडा, आणि हृदय सैल पडतें तेव्हां जो जोर उरतो तो खालचा. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतात. १२० वर ८० याच्या आंत असणें चांगलें. निरनिराळ्या दिवशीं मोजून १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येत गेलें, तर दाब वाढला असें धरतात. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचें साधन इटलींतील रिव्हा-रॉची यानें १८९६ सालीं काढलें, आणि नळीनें आवाज ऐकून दोन्ही आंकडे घेण्याची रीत रशियांतील कोरोटकॉफ यानें १९०५ सालीं घालून दिली. दाब वाढला तरी बहुधा कोठें दुखत खुपत नाहीं, म्हणून मोजल्यावांचून तो कळत नाहीं.

ज्यांच्या मळ्यांत ठिबकाच्या नळ्या आहेत त्यांस पुढील गोष्ट सहज उमजेल. नळ्यांत पाणी अधिक लोटलें, तर दाबमापकाचा कांटा चढतो. पाणी तेवढेंच असून तोंडें क्षारानें बुजलीं, तरीहि तो चढतो. मिठाचें काम बरेंचसें पहिल्या प्रकारचें आहे. मीठ अधिक झालें म्हणजे शरीर पाणी धरून ठेवतें, रक्ताचें आकारमान वाढतें व दाब चढतो. मीठ कमी केल्याचा परिणाम पुष्कळांच्या बाबतींत कांहीं आठवड्यांतच दिसतो. तेलतुपाचें तसें नाहीं. आज श्रीखंडपुरीचें जेवण झालें म्हणून उद्यां त्यांतील तुपानें दाब चढला, असें सहसा होत नाहीं. त्याचें काम वर्षानुवर्षे चालतें आणि दोन वाटांनीं चालतें.

पहिली वाट वजनाची. पिठूळ पदार्थांच्या एका ग्रॅमांतून ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमांतून ९. अंगमेहनत घटली आणि कढई तीच राहिली, म्हणजे वजन वाढतें, व वजनाबरोबर दाबहि वाढतो. वजन एक किलो उतरलें तर दाब सरासरीनें सुमारें एक मिलिमीटर उतरतो, असा अनुभव आहे. दुसरी वाट धमन्यांच्या भिंतींची. संपृक्त व ट्रान्स जातीचीं स्निग्धाम्लें रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात. तें भिंतींत सांचून धमन्या अरुंद व कठीण होतात. ठिबकाच्या नळ्यांशीं येथें पुरतें साम्य नाहीं. कारण नळी मुळांतूनच ताठ असते, धमनी लवचिक असते व तो लवचिकपणा गेला म्हणजे वरचा आंकडा चढतो. उलट चढलेला दाब त्याच भिंतींस इजा करून कोलेस्टेरॉलास शिरण्यास जागा देतो. दोघे एकत्र आले म्हणजे हृदयविकाराचा व अर्धांगाचा धोका फार वाढतो. दाब तूप सोडून उतरत नाहीं म्हणून वाटेल तितकें तूप खावें, असें या लेखाचें म्हणणें नाहीं, तें याचसाठीं.

या विषयाचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत डॉ. वॉल्टर केंपनर हे दाबाच्या रोग्यांस केवळ भात, फळें व साखर यांवर ठेवीत, आणि पुष्कळांचा दाब उतरे. त्या आहारांत स्निग्धांश जवळजवळ नव्हता; पण मीठहि जवळजवळ नव्हतें, आणि गुणाचा मोठा वांटा मिठाच्या अभावाचा, असें पुढें ठरत गेलें. १९९७ सालीं त्याच देशांत डॅश या नांवाच्या प्रयोगाचें फल प्रसिद्ध झालें. ४५९ माणसांस आठ आठवडे तोलून मापून अन्न दिलें. मीठ सर्वांस सारखें, वजन कोणाचें वाढूं वा घटूं दिलें नाहीं. ज्यांस भाज्या व फळें भरपूर, साय काढलेलें दूध आणि संपृक्त स्निग्धांश कमी असा आहार मिळाला, त्यांचा वरचा आंकडा नेहमींच्या आहारावरील लोकांपेक्षां ५.५ मिलिमीटरांनीं अधिक उतरला; ज्यांचा दाब आधींच वाढलेला होता त्यांचा ११.४ नीं. केवळ भाज्या व फळें वाढविलेल्या गटांत उतार याच्या निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे गुण एका वस्तूचा नव्हे, सबंध ताटाचा. २००१ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत याच आहारांत मीठहि घटविलें, तेव्हां दाब आणखी खालीं आला.

तेलें सर्व एक नव्हेत, हें तर बियाणें पेरणाऱ्यास सांगावयास नको. तुपांतील स्निग्धांशाचा सुमारें ६० टक्के भाग संपृक्त असतो, पाम तेलाचा निम्म्याच्या जवळ, आणि खोबरेलाचा ९० टक्क्यांच्या आसपास. शेंगदाण्याचें, तिळाचें, करडईचें व जवसाचें तेल बहुतांशीं असंपृक्त. हायड्रोजन वायूनें घट्ट केलेल्या वनस्पति तुपांत पूर्वीं ट्रान्स जातीचा अंश पुष्कळ असे. भारतांत जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पति यांत तो २ टक्क्यांहून अधिक असूं नये असा नियम आहे, तरी तेंच तेल पुन्हां पुन्हां तापवून भजीं तळणाऱ्याच्या कढईजवळ उभें न राहणें बरें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत पिठूळ पदार्थांचा कांहीं भाग काढून त्या जागीं असंपृक्त तेल दिलें, तेव्हां वाढलेल्या दाबांत सुमारें ३ मिलिमीटरांचा आणखी उतार पडला. सर्व तेल टाकून भाताचा ढीग वाढविणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

आतां हिशेबाची बाब, जिच्यांत माझा जन्म गेला. बैठें काम करणाऱ्या माणसास दिवसास २० ते ३० ग्रॅम तेलतूप पुरे. राबणाऱ्यास थोडें अधिक चालतें. पांच माणसांचें घर धरून प्रत्येकीं २५ ग्रॅमप्रमाणें रोजचें १२५ ग्रॅम झालें. म्हणजे १५ किलोचा डबा १२० दिवस टिकला पाहिजे. मीं आमच्या डब्यावर खडूनें तारीख घातली, तेव्हां तो ७० दिवसांत संपला. मिठाचें असेंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशीं ५ ग्रॅमांच्या आंत, म्हणजे एक किलोची पुडी पांच माणसांस निदान ४० दिवस जावी. आमची २२ दिवसांत उडाली, आणि लोणच्यापापडांचें मीठ याहून वेगळें, कारण तें उन्हाळ्यांतच भरलेलें असतें! घरांतील मंडळींनीं हा पंचनामा फारसा गोड मानला नाहीं. पण लोणच्याची बरणी पानावरून फडताळांत गेली, तळण आठवड्यांतून एकदां आलें, पालेभाजी दोन्ही वेळां होऊं लागली, आणि एक चमचा तूप वरणावर परत आलें. गोळी चालूच आहे. दाब १३० च्या आसपास राहतो. आहार सुधारला म्हणून औषध आपल्या मनानें कोणीं बंद करूं नये. तसेंच बाजारांत मिळणारें कमी सोडियमचें मीठ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं व दाबाच्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. त्यांत पोटॅशियम असतें.

एक गोष्ट आपल्या हातांतील आहे. सोलापूर व मराठवाडा या भागांत रब्बींत करडईचे पट्टे पूर्वीं किती असत आणि हल्लीं किती उरले, हें वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलेंच आहे. वरील हिशेबानें पांच माणसांस वर्षास सुमारें ४६ किलो तेल लागतें. घाण्यावर शेंकडा २५ उतारा धरला तरी त्यास दोन क्विंटलांहून कमी करडई पुरते, आणि एवढी एक एकर कोरडवाहू रान साधारण वर्षीं देतें. हें तेल फार वेळ तापविण्याच्या उपयोगाचें नाहीं. फोडणीस व भाजीस चांगलें. यंदा नाल्याकडच्या तुकड्यांत मीं करडई टाकली आहे, कांटे टोचतात म्हणून गडी कुरकुरतात, आणि खडू तयार आहे.