तोतयाचा पत्ता

परीक्षा विभागातील बाईंना ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली ती २००९ सालच्या जुलै महिन्यात. आरोप साधा आणि भयंकर होता. अंतर्गत गुणांच्या यादीत चार विद्यार्थ्यांचे आकडे बदलले गेले होते, आणि संगणकातील नोंदीनुसार तो बदल बाईंच्या नावाने, बाईंच्याच पासवर्डने झाला होता. वेळ संध्याकाळी पावणेसातची. बाई साडेपाचला घरी जात. हजेरीपटावर तशी सहीही होती. पण त्यामुळे सुटका होण्याऐवजी आरोप अधिकच घट्ट झाला. तुम्ही नव्हतात, म्हणजे पासवर्ड तुम्ही कुणाला तरी दिलात!

त्या महाविद्यालयाचे संगणकांचे जाळे तेव्हा माझ्या ताब्यात होते. बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, मी कुणालाही सांगितला नाही हो. कुठे लिहूनसुद्धा ठेवलेला नाही.” मी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले, धीराचे चार शब्द बोललो. पण आज कबूल करायला हरकत नाही, माझाही त्यांच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. न सांगता, न लिहिता पासवर्ड दुसऱ्याला कळतो कसा?

कळतो. आणि तो कसा कळतो हे समजण्यासाठी संगणक बाजूला ठेवून एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. पोस्टमन चौकात उभा राहून हाळी देतो, “जोशी कोण?” वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओ देतो, पत्र त्याच्या हाती पडते. ओ देणारा खरोखर जोशीच आहे काय, हे पोस्टमन विचारीत नाही. वाड्यात सगळे एकमेकांना ओळखतात, खोटी ओ कोण कशाला देईल?

संगणकांच्या स्थानिक जाळ्यातही असेच चालते. प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक आयपी पत्ता. हा नेमून दिलेला, बदलता, खोलीच्या क्रमांकासारखा. दुसरा मॅक पत्ता; हा ४८ बिटांचा, नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या कारखान्यातून येणारा, माणसाच्या तोंडवळ्यासारखा. एका यंत्राला दुसऱ्याकडे काही धाडायचे असले की ते चौकात हाळी देते, अमुक आयपी पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो, आणि विचारणारा ती जोडी आपल्या वहीत टिपून ठेवतो. या रिवाजाला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी तो नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या टिपणात लिहून काढला. टिपण छोटे आणि सुबक आहे. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, की आज वाचताना अंगावर काटा येतो. जोडी वहीत आधीपासून असेल, तर आलेल्या नव्या माहितीने ती बदलून टाकायची, आणि आलेला निरोप प्रश्न आहे की उत्तर, हे त्यानंतर पाहायचे! म्हणजे हाळी दिलेलीच नसताना कुणी आपणहून “जोशी मीच” असे ओरडला, तरी वही मुकाट्याने खाडाखोड करते.

प्लमर यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी जाळ्यावरची यंत्रे मोजकी, माणसे परिचयाची. तोतया येतो तो अशाच विश्वासावर. पानिपतानंतर भाऊसाहेबांचे नाव सांगत आलेल्या इसमाने १७७६ साली कोकणात बंड माजवले, न. चिं. केळकरांना त्यावर नाटक लिहावेसे वाटले. पण त्या तोतयाला निदान चेहरा जमवावा लागला होता. संगणकाच्या तोतयाला तेवढेही कष्ट नाहीत. कारखान्यातून आलेला मॅक पत्तासुद्धा एका आज्ञेने बदलता येतो.

आता स्विचकडे वळतो, कारण माझी चूक तिथेच आहे. स्विच म्हणजे भिंतीवरच्या कपाटात बसवलेला तो चपटा डबा, ज्यात चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तारा येऊन मिळतात आणि हिरवे दिवे लुकलुकत राहतात. त्याच्या आधी हब नावाचा डबा असे. हबमध्ये एका तारेवरचे बोलणे सर्व तारांवर ऐकू जाई. स्विच शहाणा, कोणता मॅक पत्ता कोणत्या तारेवर आहे हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच देतो. इथरनेटचा पहिला व्यापारी स्विच १९९० च्या सुमारास अमेरिकेतील ज्या कंपनीने आणला तिचे नाव ‘कल्पना’. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या संस्थापकाने आपल्या पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. १९९४ मध्ये ती सिस्कोने विकत घेतली. अवांतर आहे, पण मला ते नाव फार आवडते.

स्विच आला आणि चोरून ऐकण्याचा प्रश्न मिटला, असे आम्हा पुष्कळांना वाटले. डग साँग यांनी डीस्निफ नावाचा संच खुला केला तेव्हा, म्हणजे २००० च्या सुमारासच, हा समज मोडीत निघाला होता. त्या संचातले एक साधन स्विचवर खोट्या मॅक पत्त्यांचा पाऊस पाडून त्याची स्मरणवही भरून टाकी. मग स्विच गोंधळून हबसारखा वागू लागे. दुसरे साधन वहीतली जोडी बदलून टाकी. मी हे वाचले होते. वाचणे आणि अंगाला लागणे यांत मात्र अंतर असते.

नोटिशीला तीन आठवडे होत आले होते. बाईंचे यंत्र मंद चालते, अशी तक्रार आली म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि सवयीने एआरपीची वही उघडून पाहिली. गुणांचा कार्यक्रम ज्या सर्व्हरवर होता त्याच्या आयपी पत्त्यासमोर भलताच मॅक पत्ता! शेजारच्या यंत्रावर पाहिले, तिथेही तोच. स्विचला विचारले, हा मॅक पत्ता कोणत्या तारेवर आहे? उत्तर आले सतरा. सतराव्या तारेचा माग काढत गेलो तो पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या यंत्रापाशी पोचलो. एक विद्यार्थी बसला होता. त्याने बाईंच्या यंत्राला सांगितले होते, सर्व्हर मीच. आणि सर्व्हरला सांगितले होते, बाई मीच. सगळी ये-जा त्याच्या हातून होत होती. तो पत्र उघडून वाचायचा आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडायचा. मंदपणा होता तो त्या फेऱ्याचा. पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जात होता, कारण तो कार्यक्रम काही गुप्तलिपीत बोलत नसे. शिवाय कार्यालय आणि प्रयोगशाळा एकाच जाळ्यात ठेवण्याचा आळस माझाच. त्या दोहोंची जाळी वेगळी असती तर त्याची हाळी कार्यालयाच्या चौकात पोचलीच नसती.

बाईंची नोटीस दोन ओळींच्या पत्राने मागे घेतली गेली. दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता.

त्या रात्री मी स्विचची जाडजूड पुस्तिका काढून बसलो, आणि जे दिसले त्याने झोप उडाली. या तोतयाला दारात अडवण्याची सोय आमच्या डब्यात होती. खरेदीच्या दिवसापासून होती. फक्त बंद होती.

सोय अशी. यंत्र सुरू झाले की ते डीएचसीपी नावाच्या सेवेकडे आयपी पत्ता मागते; सेवा ठरावीक मुदतीसाठी पत्ता देते. हा व्यवहार स्विचच्या डोळ्यांदेखत होतो. डीएचसीपी स्नूपिंग चालू केले की स्विच तो व्यवहार वाचून आपली खातेवही तयार करतो: अमुक तार, अमुक मॅक पत्ता, अमुक आयपी पत्ता, मुदत इतकी. कोणत्या तारा विश्वासाच्या ते आपण सांगायचे, म्हणजे खरा डीएचसीपी सर्व्हर ज्या बाजूला आहे त्या. बाकीच्या तारांवरून कुणी पत्ते वाटू लागला तर स्विच ते निरोप टाकून देतो. (हे काही दर वेळी दुष्टाव्यानेच होते असे नाही. कुणी घरचा राउटर आणून उलटा जोडतो आणि निम्म्या मजल्याचे इंटरनेट जाते.) या खातेवहीच्या आधारावर दुसरा पहारा, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन. आता चौकात कुणी “सर्व्हर मीच” म्हणाला की स्विच वही उघडतो: सतराव्या तारेवर हा आयपी पत्ता नोंदलेला नाही, निरोप तिथेच गाडला जातो. तिसरा पहारा आयपी सोर्स गार्ड. तो दुसऱ्याचा आयपी पत्ता लावून निघालेले सामान अडवतो. आणि एका तारेवर किती मॅक पत्ते चालतील याची मर्यादा घालणारी पोर्ट सिक्युरिटी तर त्याहून साधी.

वाड्याच्या दारात भाडेकरूंची यादी घेऊन बसलेला रखवालदार, इतकेच हे.

मग हे बंद का असते? याचे उत्तर मला पुढल्याच सोमवारी मिळाले. उत्साहाच्या भरात मी रविवारी सगळे पहारे एकदम चालू करून घरी आलो. खातेवही अजून कोरी होती, हे ध्यानात घेतले नाही. यंत्रांना पत्ते आधीच मिळालेले; मुदत आठ दिवसांची, आणि नूतनीकरण निम्मी मुदत सरल्यावर. म्हणजे वही भरायला चार दिवस तरी लागणार. रखवालदार रिकामी यादी हातात घेऊन बसला आणि सोमवारी सकाळी त्याने प्रामाणिक माणसे झाडून सगळी अडवली. प्रवेशाचे दिवस, खिडकीवर रांग. जे बोलणे खाल्ले ते इथे लिहिण्यासारखे नाही. मधले दोन दिवस सोडून मी रीतसर क्रमाने गेलो: आधी स्नूपिंग, मग वही भरण्याची वाट पाहणे, मग तपासणी. छापणी यंत्रांना कायमचे आयपी पत्ते दिलेले असतात, ती डीएचसीपीकडे कधी जातच नाहीत. त्यांच्या नोंदी हाताने घालाव्या लागल्या. स्विच बंद पडून उठला की वही पुसली जाऊ नये म्हणून तिची प्रत दुसरीकडे ठेवण्याची आज्ञाही वेगळी द्यावी लागते. ही कटकट असते म्हणून कारखाने सोय देतात, पण चालू करून देत नाहीत. खपाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर असेल. बाईंच्या दृष्टीने नव्हते.

आता बहुतेक संकेतस्थळे गुप्तलिपीत बोलतात, त्यामुळे मधल्या तोतयाला पासवर्ड सहजी वाचता येत नाही. वाट मात्र तो अजूनही अडवू शकतो. नव्या आयपीव्ही६ मध्ये एआरपी नाही, पण त्याच्या जागी आलेली पद्धत तितकीच भाबडी. तिच्यासाठी स्विचमध्ये आरए गार्ड वगैरे निराळे पहारेकरी आले. आणि गंमत म्हणजे २०१९-२० पासून अँड्रॉइड आणि आयफोन आपला खरा मॅक पत्ता स्वतःच लपवतात, प्रत्येक वायफायला निराळा मुखवटा दाखवतात. माणसाचा माग कुणी काढू नये म्हणून हे केलेले, आणि योग्यच. पण मॅक पत्ता हाच ओळखीचा पुरावा मानणाऱ्या याद्या त्यामुळे कुचकामी झाल्या. कोणता पत्ता कुणाला, कोणत्या वाटेने, किती मुदतीसाठी दिला, ही नोंद मात्र अजून उपयोगी पडते.

बाई निवृत्त होताना किल्ल्या जमा करायला आल्या, तेव्हा त्यांनी तो डबा पाहायचा म्हणून सांगितले. कपाट उघडून दाखवले. थोडा वेळ दिव्यांकडे पाहून म्हणाल्या, “म्हणजे हे यात तेव्हाही होतं?”

“होतं,” मी म्हटले.

त्या काही बोलल्या नाहीत. मी कपाट लावले आणि आम्ही चहाला गेलो.