मूळव्याध : ऑपरेशनच्या आधी काय काय करता येतं?

मंडळी, हा विषय लोक घरातसुद्धा काढत नाहीत. दोन-दोन वर्षं रक्त पडत असतं, आणि शेवटी आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, कापावं लागेल का?’ बहुतेकांना लागत नाही. ते कसं, हे आज आपण समजून घेऊ.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या सगळ्यांनाच असतात. बद्धकोष्ठामुळे कुंथून कुंथून त्या सुजल्या, खाली सरकल्या, की आपण त्यांना मूळव्याधीचे कोंब म्हणतो. आतल्या कोंबांचे चार टप्पे आम्ही धरतो. पहिल्यात कोंब आतच राहतो, नुसतं रक्त जातं. दुसऱ्यात तो शौचाच्या वेळी बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्यात बोटाने ढकलावा लागतो. चौथ्यात ढकलूनही आत राहत नाही. उपचार मुख्यतः या टप्प्यावर ठरतो.

सुरुवात स्वयंपाकघरातून. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत : भाकरी, उसळी, पालेभाज्या, पेरूसारखी फळं. कमी पडलं तर इसबगोल घ्या, पण भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर मळ उलट घट्ट होतो. फरक दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका. आणि संडासात मोबाइल नेऊ नका बरं का! तिथे जितका वेळ बसाल, तितका त्या गाद्यांवर ताण.

कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसल्याने ठणका कमी होतो. मलमाने खाज आणि आग शमते, पण कोंब जात नाही. स्टेरॉइडचं मलम आठवड्याहून जास्त, स्वतःच्या मनाने लावू नये. कातडी पातळ होते.

एवढ्याने भागलं नाही तर रबर बँड. अमेरिकेतल्या डॉ. बॅरन यांनी 1963 मध्ये ही पद्धत पुढे आणली. कोंबाच्या मुळाशी छोटी रबरी कडी बसवतात. रक्तपुरवठा तुटतो, कोंब सुकतो आणि साधारण आठवड्याभरात गळून पडतो. त्या जागी वेदनेच्या नसा जवळजवळ नसतात, म्हणून भूल लागत नाही. दोन-तीन दिवस जडपणा वाटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. नंतर ताप आला, दुखणं वाढत गेलं, लघवी अडली किंवा खूप रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान कोंबांसाठी औषधाचं इंजेक्शन किंवा इन्फ्रारेड किरणांचा शेक हेही पर्याय आहेत. चौथा टप्पा, किंवा तिसऱ्यातले फार मोठे कोंब, यांना मात्र बहुधा ऑपरेशनच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच, असं नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त जातं, आणि सुरुवातीला दुखत नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, वजन घटलं असेल, शौचाची सवय बदलली असेल, अंगात रक्त कमी झालं असेल किंवा घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. ‘हमखास इलाज’ असा बोर्ड लावून न तपासताच सुई टोचणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. आधी बोटाने आणि छोट्या नळीने तपासून घ्या. काही मिनिटांचं काम आहे. आम्हाला ते रोजचं असतं. तुम्ही संकोच करू नका.