कांदळवन-रक्षणाचा निधी : येतो कोठून, जातो कोठे?

पनवेल खाडीलगत वसलेल्या कामोठे वसाहतीच्या एका अंगास उंच इमारती, तर दुसऱ्या अंगास तिवरांची दाटी आहे. तिवरांखालच्या चिखलात निवट्या व चिंबोऱ्या वाढतात, पाणपक्षी चारा शोधतात. खाडीवरील मासेमारीचा आधारही हाच चिखल होय. अशा वनाचे रक्षण करावयाचे तर पहारा, सर्वेक्षण व रोपवाटिका यांसाठी निधी लागतो.

या कार्यासाठी राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष आणि २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान स्थापन केले. अर्थसंकल्पीय तरतुदीखेरीज वनसंवर्धनाच्या निधीचा एक मोठा स्रोत म्हणजे भरपाई वनीकरण निधी. वनजमीन एखाद्या प्रकल्पास द्यावयाची झाल्यास प्रकल्प यंत्रणेस पर्यायी वनीकरणाचा खर्च व त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. २०१६ च्या कायद्यान्वये या रकमेपैकी ९० टक्के राज्याच्या आणि १० टक्के राष्ट्रीय निधीत जमा होते.

मात्र हा पैसा वन गमावल्यावरच येतो, हे विसरता कामा नये. रोपे नव्याने लावता येतात; भरती-ओहोटीने वर्षानुवर्षे साचविलेला गाळ आणि त्यातील जीवसृष्टी लावता येत नाही. कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच उभे वन राखणाऱ्या माणसाच्या हाती पोहोचणारा रुपया अधिक मोलाचा ठरतो.

राज्यातील दोन योजना याच तत्त्वावर आखण्यात आल्या. २०१७ च्या उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवपालन आदी व्यवसायांसाठी गटांना ९० टक्के व व्यक्तींना ७५ टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. डिसेंबर २०१८ च्या योजनेत ऑलिव्ह रिडले कासव वा व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास, छायाचित्राचा पुरावा दिल्यास, २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठेवण्यात आली. जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. ते कापण्याचा भुर्दंड त्याने एकट्याने का सोसावा, हा या योजनेमागील विचार होय.

कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. पण किनाऱ्यावरील असंख्य गावांचा कारभार आजही ग्रामपंचायती पाहतात. अशा योजनांची माहिती ग्रामसभेत वाचून दाखविणे, गटांचे अर्ज भरून घेणे व तिवरतोडीची खबर वेळीच वनखात्यास कळविणे ही कामे सदस्यांना व शिक्षकांना सहज करता येतील. त्यांना वेगळा निधी लागत नाही. परंतु ती न झाल्यास मंजूर निधीही कागदावरच राहतो.