घरातील जागांची नावे

वाचनपाठातील देवडी, ओसरी, पडवी या सर्व शब्दांचा अर्थ ‘व्हरांडा’ एवढाच सांगणे इष्ट नव्हे. देवडी म्हणजे वाड्याच्या मुख्य दरवाजालगतची पहारेकऱ्यांची जागा. ओसरी म्हणजे एका अंगाने उघडी असलेली, बसाउठावयाची जागा. पडवी म्हणजे मूळ घराला जोडून उतरत्या छपराखाली काढलेला भाग. ‘माजघर’ यातील ‘माज’ हे संस्कृत ‘मध्य’ शब्दापासून आले. म्हणून ते घराचे मधले दालन होय. कोकणात पाहुणा ओटीवर बसतो, देशावर सोप्यात. मुलाने ‘ओसरी’ऐवजी घरचा ‘सोपा’ लिहिल्यास शिक्षकांनी तो खोडू नये. दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. जुनी घरे पडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. जागा गेली तरी तिचे नाव मुलांच्या तोंडी राखणे शाळेच्या हाती आहे.