बेरीज करायची आहे का?

लखनौच्या मुख्य टपाल कचेरीचा पिन कोड २२६००१. माझ्या शिकवणीत प्रोग्रामिंगची सुरुवात मी याच आकड्याने करते. इथल्या मुलांना तो पाठ असतो. मला तो आपला वाटतो, कारण १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेल्या या सहा अंकी पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी.

हा पिन टाइप केला की संगणकाच्या हाती पडतात ती नुसती सहा चिन्हं. अ किंवा क जसं चिन्ह, तसंच दोन हेही चिन्ह. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये ‘५’ आणि ‘३’ असा मजकूर अधिक केला, तर उत्तर आठ न येता ‘५३’ येतं. बेरीज हवी असेल तर मजकुराची आधी संख्या करावी लागते.

ती कशी होते? प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. इंग्रजी अंकांतल्या शून्याचा ४८, एकाचा ४९, दोनाचा ५०. चिन्हाच्या क्रमांकातून ४८ वजा केले की अंक सापडतो. मग डावीकडून एकेक अंक घ्यायचा, आधीच्या संख्येला दहाने गुणायचं आणि नवा अंक मिळवायचा: २, २२, २२६, २२६०, २२६००, २२६००१. पायथनमध्ये हे सगळं ‘इंट’ या एका शब्दात उरकतं, तरी मी मुलांकडून एकदा वहीत करून घेतेच. हातानं केलेलं डोक्यात राहतं.

देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६. पायथनला हे माहीत आहे, त्यामुळे पिन देवनागरीत लिहिला तरी ‘इंट’ तो बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ मात्र ‘ही संख्या नाही’ असं उत्तर देतं. आपल्या देशातल्या अर्जांत देवनागरी अंक चालायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं. भाषा अडत असेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती सोय करावी.

खरी परीक्षा घेतो स्वल्पविराम. चौकातल्या चिकनकारी कपड्यांच्या दुकानाचं घाऊक बिल समजा १,२५,००० रुपयांचं आहे. पायथन तिथे चूक दाखवून थांबतं. ‘पार्सइंट’ पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचतं आणि १ हे उत्तर देऊन मोकळं होतं. सव्वा लाखाचा एक रुपया, आणि कुठे तक्रार नाही! थांबणारी भाषा मला जास्त भरवशाची वाटते. “मॅम, कॉमा पहले हटा देते हैं,” मुलं लगेच सुचवतात. उपाय तोच.

पण आकडा दिसला की त्याची संख्या करायची, ही सवय मी लागू देत नाही. याची बेरीज करायची आहे का, हे आधी विचारायला लावते. लखनौचा एसटीडी कोड ०५२२. त्याची संख्या केली की ५२२ उरतात आणि फोन लागत नाही. अमेरिकेत बॉस्टनचा ०२१०८ हा टपाल क्रमांकही असाच २१०८ होऊन बसतो. आपला पिन यातून वाचतो, कारण त्याचा पहिला अंक १ ते ९ यांपैकीच असतो.

मोबाइल क्रमांकाची अडचण वेगळी. जावातल्या साध्या पूर्णांकाला ३२ बिट मिळतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. आपले दहा अंकी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात, म्हणजे सगळेच ६०० कोटींच्या पुढचे. त्यांतला एकही त्या जागेत मावत नाही.